तिसऱ्या फेरीतलं उत्तर

गोपी गेला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेली होते. दोन महिने आमचं बोलणं नव्हतं. मंगळवारची सकाळ, डोशाच्या पिठात मीठ घालत होते, तेवढ्यात शुभाचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. "अक्का, हे बूट घालता घालता पडले. बोलत नाहीत. लौकर या, अक्का..." म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या माझ्या घरापासून त्याला नेलं त्या दवाखान्यापर्यंत ऑटोला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं मी मनातल्या मनात गोपीशी भांडतच होते. आधी चांगला झापीन आणि मगच बोलायला लागीन, असं ठरवत होते. दवाखान्याच्या दारात शुभा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि कळलं, भांडायला आता समोर कुणी उरलेलं नाही. त्याला पाच आठवडे झाले. राग हळूहळू ओसरतो म्हणतात. माझा ओसरलेला नाही, आणि तो नेमका कुणावर आहे हे सांगायलाच हे लिहितेय.

गोपीनाथ माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. आमची माणसं कापड रंगवायला म्हणून म्हैसूरला आली त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. आजोबांपर्यंत तो धंदा चालला, वडील कारकून झाले, मी हायस्कुलात गणिताची टीचर झाले आणि गोपी इंजिनियर. घरात बोलतो ती मराठी पुण्याच्या पाहुण्यांना निम्मी कळते, निम्मी त्यांना कन्नडच वाटते. गोपी त्यांची मजा करायचा. "साकु, अक्का, त्यांना वाढू नको आता," असं म्हणायचा आणि पाहुणे 'साकु' म्हणजे कुठला पदार्थ ते विचारायचे. साकु म्हणजे पुरे. तो सात वर्षांचा असताना आम्ही टी. नरसीपूरला संगमावर गेलो होतो. अंघोळीला उतरताना वडिलांनी त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. गोपीला ते मनगटावर बांधून बघायचं होतं. त्यानं ओढलं, मी उलट ओढलं, घड्याळ पाण्यात गेलं. "कुणी पाडलं?" वडिलांनी विचारलं. "मी ओढलं," गोपी म्हणाला. एवढंच. अक्कानंही ओढलं, हे त्यानं सांगितलं नाही. थोबाडीत त्यानं खाल्ली आणि मी, तेरा वर्षांची घोडी, गप्प उभी राहिले. तो तसाच होता. स्वतःचं सांगायचा, दुसऱ्याचं नाव घ्यायचा नाही. याला लोक गुण म्हणतात. मीही म्हणत होते, त्या गुणानं त्याचं घर बसेपर्यंत.

बत्तिसाव्या वर्षी ज्या कंपनीत तो लागला तिथंच बावीस वर्षं राहिला आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चाळीसेक इंजिनियरांचा सीनियर मॅनेजर झाला. मग एके दिवशी वरून निरोप आला, माणसं कमी करायची आहेत, शुक्रवारपर्यंत तुझ्या टीममधली नऊ नावं दे. कशाच्या आधारावर, असं यानं विचारलं. आधार तू शोध, नावं मात्र नऊ हवीत, असं उत्तर मिळालं. शुक्रवारी गोपीनं कागद परत दिला, त्यावर एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं. वरच्यांनी ते नाव आनंदानं घेतलं. आणि सोमवारी दुसऱ्या कुणाकडून तरी नऊ नावं लिहून घेतली. म्हणजे वाचलं कोण? कुणीच नाही. नऊच्या जागी दहा गेले. हे मला समजलं त्या दिवसापासून मी चिडलेली आहे. त्या वरच्यांवर तर आहेच. बावीस वर्षं राबवून घेतलेल्या माणसाला त्यांनी एका दुपारी गळ्यातलं ओळखपत्र काढून द्यायला लावलं आणि गेटपर्यंत सोबत सिक्युरिटी दिली. सिक्युरिटी! जसा काही हा जाताना संगणक उचलून नेणार होता.

चोपन्नाव्या वर्षी सॉफ्टवेअरवाल्याला कोण विचारतं? आठ महिने कुणी विचारलं नाही. एका ठिकाणी पोरगेल्या माणसानं तोंडावर सांगितलं, सर, आमची टीम फार यंग आहे. आणि मग बंगळूरच्या एका कंपनीनं डायरेक्टरच्या जागेसाठी बोलावलं. मुलाखतीच्या पाच फेऱ्या. त्याच्या घरी लेकीचा बारावीचा अभ्यास, म्हणून रोज दुपारी तीनला तो अग्रहारात माझ्याकडे यायचा. "अक्का, तू आयुष्यभर पोरांना तोंडी परीक्षेत रडवलंस. आता मला रडव," म्हणाला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तो मोठमोठे चौकोन काढायचा, त्यांना बाण जोडायचा. एकाच मिनिटाला लाखो माणसं तिकीट काढायला आली तर यंत्रणा कोसळू नये म्हणून काय करायचं, हे तो मला समजावून द्यायचा आणि मी विचारायचे, "आणि हा मधला चौकोनच बंद पडला तर?" तो खूश व्हायचा. "बघ, हाच प्रश्न विचारतात!" ते दिवस चांगले होते. लिहिताना जाणवतं, म्हातारपणी भाऊ रोज दोन तास घरी येऊन बसतो हे सुख किती जणींना मिळतं...

तांत्रिक भागाची त्याला भीती नव्हती. अवघड होता माणसांचा भाग. त्यात एक प्रश्न हमखास असतो: माणसांच्या बाबतीत घेतलेला सर्वांत कठीण निर्णय सांगा. गोपीनं सरावाच्या पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं, नऊ नावं मागितली, मी माझं दिलं. मुलाखतीची तयारी करून घेणारा एक सल्लागार माझ्याच घरी व्हिडिओवरून त्याला शिकवायचा. तो तडक म्हणाला, सर, हे उत्तर म्हणजे आत्महत्या. त्यांना वाटेल तुम्हाला निर्णय झेपत नाहीत. असं सांगा, की तुम्ही नऊ जणांना निवडलंत, प्रत्येकाशी समोर बसून माणुसकीनं बोललात, आणि उरलेल्या टीमचा धीर खचू दिला नाहीत. गोपीनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी म्हणाले, "बरोबर सांगतोय तो."

"पण मी हे केलं नाही, अक्का."

"मुलाखत आहे ती, कोर्ट नाही."

मग मी ते उत्तर लिहून काढलं. टीचरच ना मी, खोटंसुद्धा मुद्देसूद लिहिलं. आधी परिस्थिती, मग कृती, मग निकाल. त्यानं त्याचं इंग्रजी केलं. माझ्या मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावून मी ते त्याच्याकडून घोटून घेतलं. 'मी नऊ जणांची निवड केली' इथं आलं की तो हटकून अडखळायचा. मी म्हणायचे, परत. शुभा एकदा त्याला घ्यायला आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. जाताना एवढंच म्हणाली, "अक्का, यांना हे जमलं तर मला यांची भीती वाटेल." मी तिला हसले.

त्याला ते जमलं. तिसऱ्या फेरीत तो प्रश्न आला, त्यानं घोटलेलं उत्तर दिलं आणि तो पास झाला. मी शिरा केला होता. तो आला, बसला, वाटीला हात लावला नाही. "त्यांना तेच उत्तर सगळ्यात जास्त आवडलं, अक्का. म्हणाले, आम्हाला असाच माणूस हवाय. म्हणजे गेल्या गेल्या मला पहिलं काम कुठलं देतील, कळलं काय तुला?" मला कळलं. मी म्हणाले, "देतील तेव्हा बघू. आधी आत तर जा."

चौथी फेरीही झाली. पाचवी कंपनीच्या मुख्य माणसाबरोबर होती, नुसता उपचार, असं सगळे म्हणत होते. गोपीनं सुरुवातीलाच त्यांना सांगितलं, तिसऱ्या फेरीतलं माझं एक उत्तर खोटं होतं, खरं असं आहे. त्या गृहस्थानं शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले, आणि दुपारपर्यंत दोन ओळींची मेल आली. ती घेऊन तो सरळ माझ्याकडे आला. मी जे बोलले ते इथं सगळं लिहवत नाही. थोडं लिहिते. "लेक बारावीला आहे, ते दिसत नाही तुला? स्वतःच्या चांगुलपणाची चटक लागलीये तुला. नऊ जणांना वाचवता आलं नाहीच, आता बायकोमुलीलाही त्यांच्या रांगेत उभं कर." तो उठला, आपली कॅलेंडरं गोळा केली, आणि दारात म्हणाला, "तू छान शिकवतेस, अक्का. तुझी मुलं पास होतात." त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही.

म्हैसूरबाहेर बेळगोळच्या बाजूला यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथल्या गोदामातला माल मोजायचं सॉफ्टवेअर बनवायला तो जाऊ लागला. रोज स्कूटरवरून. नात्यातल्या लग्नात एकानं मला विचारलं, काय हो, डायरेक्टर होणार होता ना तुमचा भाऊ? माझी मान खाली गेली. शुभा सांगायची, आजकाल भूक लागलीय म्हणत घरी येतात, आंघोळ करताना गुणगुणतात. मी मुद्दाम विषय बदलायचे. दोन महिने मी त्याच्या क्षमेची वाट बघत बसले होते. त्यानं माझी मागायला हवी, असं मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास बरेच महिने अंगात असणार. खांदा, हात दुखत होता काय? शुभा म्हणाली, मला कधी बोलले नाहीत. मला मात्र ठाऊक होतं. सरावाच्या वेळी तो सारखा डावा खांदा चोळायचा. आणि मी त्याला म्हणाले होते, "खांदा चोळू नकोस. समोरच्याला तू घाबरलेला वाटतोस." मग त्यानं चोळणं सोडलं. माझा विद्यार्थी होता तो, सांगितलेलं ऐकायचा.

भेटायला येणारे एकमेकांत बोलायचे, फार ताण घेतला, जरा व्यवहारानं वागायला हवं होतं. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटे. पण कुठल्या तोंडानं? त्यांनी जे तो गेल्यावर म्हटलं, ते मी तो जिवंत असताना त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तेराव्याला चैत्रा नावाची एक मुलगी आली, त्या नऊ जणांपैकी एक. कन्नडमध्ये सांगत होती, "कंपनीनं काढताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की माझं काम कमी पडलं. पण सरांनी माझं नाव लिहिलं नाही, हे मला कळलं होतं. पुढच्या सगळ्या मुलाखतींना मी मान वर करून गेले ती तेवढ्यावर." शुभा तिचा हात धरून रडली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं, हे त्याला का नाही सांगितलंस, पोरी? त्याला कुणीच का नाही सांगितलं?

परवा शुभानं त्याचा फोन माझ्याकडे आणून दिला. त्यात आमच्या सरावाची रेकॉर्डिंग आहेत. मला पत्ताच नव्हता. घरी जाऊन स्वतःच्या चुका ऐकायला तो गुपचूप करून ठेवायचा म्हणे. मी एकच ऐकलं. त्यात त्याचा आवाज थोडा, माझाच जास्त. अडखळलास. परत. परत. मग तो थांबतो. रस्त्यावरून पालेभाजीवालीची हाक येते, "सोप्पु... मेंत्य सोप्पु..." गोपी म्हणतो, "अक्का, मेथी आलीय. घेऊ काय तुला?" मी म्हणते, "आधी उत्तर पूर्ण कर." खुर्ची सरकते, दार वाजतं, तो बाहेर तिच्याशी कन्नडमध्ये हसत हसत घासाघीस करतोय. फोन टेबलावर तसाच चालू. आत मी एकटी. आणि मी ते उत्तर पुटपुटतेय, 'मी नऊ जणांची निवड केली...', सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता.