माझी मिशी आणि लाल पट्टा

मागच्या आठवड्यात एका सकाळी नदीवर फिरायला गेलो आणि समोर मीच हसत उभा होतो... बॅनरवर!

आमच्या मांजर्लीतल्या एका भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ गेली कित्येक वर्षं 'भावी नगरसेवक' आहेत. वर हात जोडलेले हे एवढे मोठे भाऊ आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मधोमध मी. खाली नाव, 'समाजसेवक मा. श्री. सामंतसाहेब'.

मी मोरिवलीतल्या एका कारखान्यात शिफ्ट बघतो हो. समाजसेवा म्हणाल तर एवढीच, की विसर्जनानंतर आम्ही फिरायला येणाऱ्यांनी नदीकाठचं निर्माल्य उचललं होतं. सगळं उचलून झाल्यावर भाऊ कोरा करकरीत झाडू घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून गेले. तोच हा फोटो...

बरं, फोटोचंही काही नाही. बॅनर बांधला होता बंद पडलेल्या पंपहाउसच्या भिंतीवर, आणि डोकं फिरलं ते त्यामुळे.

बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या भिंतीवर आम्ही रहिवाशांनीच दोन पट्टे रंगवलेत, मागच्या पुरातून शहाणे होऊन. पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलं की गाड्या काढायच्या, लाल पट्ट्याला लागलं की तळमजला रिकामा करायचा. आमच्या गॅलऱ्यांमधून भिंत स्पष्ट दिसते, त्यामुळे पावसाळ्यात सगळी बिल्डिंग तिच्याकडेच डोळे लावून असते.

पिवळा पट्टा बॅनरखाली दिसत होता. लाल गायब! मी कोपरा उचलून बघितलं, तर लाल पट्टा बरोबर माझ्या मिशीमागे.

तळमजल्यावर शैलाताई म्हात्रे राहतात. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आजींना हलवायचं तर चार माणसं आणि एक खुर्ची लागते, आणि आमच्याकडे पाणी दारात आलं की मग कोणालाच काही सुचत नाही. लाल पट्टा म्हणजे त्या आजींचा जीव आहे. इतकं साधं आहे हे!

भाऊंना फोन केला. "काका, टेन्शन नका घेऊ. फोटो एकदम कडक आलाय तुमचा," म्हणाले. मी पट्ट्याचं सांगतोय, तर म्हणे, "आपलेच ना तुम्ही? मग आपल्याच बॅनरला हात लावणार का? चार दिवस राहू द्या."

नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी मी दाखवलेला बॅनरचा फोटो मोठा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. "हे तुम्हीच ना? मग तक्रार कोणाविरुद्ध करताय?" कप्पाळ माझं!

शेवटी कात्री घेऊन स्वतःच गेलो. एक दोरी कापली नाही तोच आपल्या इथल्या एका न्यूज चॅनेलवाल्याने मोबाइल तोंडासमोर धरला. "काका, भाऊंची साथ सोडलीत का?" मी पट्टा दाखवतोय, पाण्याचं सांगतोय... आणि दुपारी बातमी काय, तर 'शुभेच्छुकानेच चालवली बॅनरला कात्री, गटात धुसफूस!' लाल पट्ट्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. संध्याकाळपर्यंत भाऊंच्या लोकांनी बॅनर नव्या दोरीने आणखी घट्ट बांधला.

मी वैतागून बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, 'लाल पट्टा माझ्या मिशीमागे आहे, आता बसा बघत!' त्यावर सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. बायकोनेसुद्धा.

आणि रविवारी उल्हास नदीने रंग दाखवला. सकाळपासून कोसळत होता आणि मी नेमका ड्युटीवर. ग्रुपवर मेसेज सुरू झाले... 'पिवळा गेला, गाड्या काढा.' मग 'सामंतकाकांच्या नावाला लागलं.' मग 'हनुवटी.'

आजींचं काय झालं असेल, एवढंच डोक्यात. दुपारी शैलाताईंनी वर आमच्या गॅलरीतून काढलेला फोटो आला... गढूळ पाण्यातून वर आलेलं माझं नाक आणि हसरे डोळे. खाली लिहिलं होतं, 'मिशी बुडाली. आजींना उचलतोय.'

रात्री पाणी उतरल्यावर कसाबसा घरी पोचलो. पहिल्या मजल्यावर, आमच्याच घरात, माझ्याच पलंगावर आजी चहा पीत टेकून बसल्या होत्या. तळमजल्यावर गुडघाभर चिखल, शैलाताईंचा फ्रिज आडवा. मला बघून आजी म्हणाल्या, "तुजी मिशी बुरली, तवा मना वर आनला!"

मी हसायला गेलो आणि डोळ्यांत पाणीच आलं. आजींना खुर्चीवरून वर आणणाऱ्या चौघांना आणि डोळ्यात तेल घालून माझी मिशी बघत बसलेल्या समस्त गॅलऱ्यांना मनापासून थँक यू.

सकाळी भिंतीपाशी गेलो. आम्ही सगळे शुभेच्छुक चिखलाने माखलेलो, एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. वर भाऊ मात्र कोरडे ठणठणीत, हात जोडून हसतायत. या वेळी कात्री चालवताना कोणी आडवं आलं नाही. लाल पट्टा परत रंगवला.

काल भाऊंचा फोन आला. "काका, बॅनर खराब झाला ना! नवीन करतोय. तुमचा फोटो मोठा घेऊ का?"

म्हटलं, "घ्या की. फक्त या वेळी आम्हाला वर घ्या, आणि खाली तुम्ही उभे राहा."