बाजेवरचा इलेक्ट्रॉन

गौरी गेल्यानंतरचा रविवार. धसईचं वाचनालय. हजर: भाजी विकणाऱ्या नंदाताई, पोस्टमन, शाळेतल्या दोन बाई, भौतिकशास्त्र सांगणारे सर आणि चिटणीस म्हणून मी.

सर मुरबाडहून एसटीने येतात, खडू रुमालात बांधून. कुणाला समजलं की ते चष्मा काढून पुसतात. मागच्या रविवारी त्यांनी काथ्याच्या बाजेला एका कोपऱ्यात टिचकी मारली. थरथर पलीकडे गेली. म्हणाले, "दोरी जागेवरच आहे. न दिसणारी अशी एक बाज विश्वभर विणलेली आहे. तिच्यातली थरथर म्हणजे इलेक्ट्रॉन."

आज मात्र त्यांनी स्वतःच ते उदाहरण मोडलं. "हळू टिचकी मारली तर बाजेची थरथर लहान होते. इलेक्ट्रॉन कधी अर्धा होत नाही. पूर्ण एक, नाहीतर नाहीच. इथं बाज चालत नाही."

"अवो सर, मी बाजारभर सांगून बसले!" नंदाताई म्हणाल्या. "आता लोकं हसतील मला."

"त्यांना हेही सांगा."

"काय सांगू? अर्धा का होत नाय?"

सर म्हणाले, "गणित येतं मला. तुम्हाला दाखवता येईल असं काही सापडलेलं नाही."

नंदाताईंनी हात हवेत धरला. "पण ती न दिसणारी बाज हाय ना इथं?"

"आहे. तुमच्या हातातही."

हात तसाच राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

"बाजारात बघते मी काय गावतं ते," नंदाताई म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला.

कामांच्या यादीत मी लिहिलं: अर्धी न होणारी थरथर दाखवेल अशी वस्तू शोधणे. नंदाताई आणि सर. तेवढं एक काम अजून बाकी आहे.