आबांचा घसा आणि आमची मतं

घरात मोठं दुखणं आलं की किस्से आपोआप जमतात. आम्ही काही ते जमवायला गेलो नव्हतो. पण आबांच्या घशाचं निदान झालं आणि पंधरा दिवसांत एवढे साठले, की आता पाहुणे आले की आम्ही एकमेकांच्या तोंडातून हिसकावून घेऊन सांगतो. सगळे हसतात. मग कोणीतरी उगाचच उठून पाणी प्यायला जातं. मलाही हे सांगताना अजून एका जागी बसवत नाही, तेव्हा मध्येच उठलो तर समजून घ्या!

आधी आबा कोण ते सांगतो. आबा म्हणजे माझे वडील, मी त्यांचा झील. थोडं भात, थोडे काजू, चार कलमं. पण गावात त्यांची ओळख आवाजाची. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलणं. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचा हरवलेला रेडा, सगळं आबा उभं राहून देवाला सांगणार. माईक कधी लागला नाही. गेल्या दिवाळीनंतर तो आवाज बसला, तो उठलाच नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी दोनदा औषध दिलं आणि तिसऱ्यांदा गोव्याला पाठवलं.

*

बायोप्सीचा रिपोर्ट मी आणला. घरात ठरलं, आबांना सांगायचं नाही. 'कॅन्सर' हा शब्दच उच्चारायचा नाही. आई तर नुसतं 'ता', म्हणजे 'ते', म्हणायची. "ता खंय ठेवलंस रे?" असं कुजबुजत विचारायची. मी रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात पुरला होता. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, तरी मला ही जागा फार हुशारीची वाटली!

तीन दिवस आम्ही आबांसमोर हसत वावरलो. चौथ्या दिवशी आबा चहा पिता पिता घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पिंपात कडुलिंबाचो पालो घातलंय."

"कित्याक?" कशाला, म्हणून आईने विचारलं.

"तांदूळ ऱ्हवांदेत. झिलाच्या रिपोर्टाक कीड लागात!"

आई चुलीकडे वळली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिली.

*

मग गोव्याच्या हॉस्पिटलात गेलो. आबा, आई, मी, माझी मोठी बहीण अक्का आणि मुंबईहून मुद्दाम आलेला चुलतभाऊ बाळा. अक्का मिठबावला दिलेली, ती पहाटेच्या एसटीने येऊन आमच्या गाडीत बसली. डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या दोन, माणसं पाच.

डॉक्टरांनी आबांना विचारलं, "त्रास कधीपासून?"

अक्का म्हणाली, "दिवाळीपासून."

"जेवण जातं का?"

आई म्हणाली, "पेज जाता."

"झोप?"

बाळा म्हणाला, "झोपतात तसे." बाळा मुंबईत राहतो!

शेवटी डॉक्टरांनी टॉर्च काढला आणि म्हणाले, "आ करा बघू." खोलीत पाचही जणांनी आ केला. मी माझा लगेच मिटला, पण तोपर्यंत डॉक्टरांनी बघितलं होतं.

"यातले पेशंट एकच ना?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "पेशंट एकच. तोंडा पाच आसत!"

हसून झाल्यावर डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रस्ते दोन. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकायचं. गळ्याला भोक राहणार, श्वास तिथून, आणि आवाज जाणार. काही जण पुढे शिकून थोडंफार बोलतात, पण पूर्वीचा आवाज परत नाही. दुसरा, किमो आणि रेडिएशन. त्यात आवाज वाचू शकतो. पण गाठ ज्या जागी आहे ते बघता ऑपरेशन जास्त भरवशाचं, असं त्यांचं मत. "निर्णय तुमचा. पण दोन आठवड्यांच्या वर घालवू नका."

परतताना गाडीत हद्दीवरच्या बांद्यापर्यंत कोणी बोललं नाही. बांद्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले आणि ते आजतागायत थांबलेले नाहीत.

*

घरात दोन पार्ट्या पडल्या. मी ऑपरेशनवाला. अक्का रेडिएशनवाली. माझं म्हणणं, आधी माणूस राहू दे. अक्काचं म्हणणं, "आवाज काढून घेतलास तर आबांचा ऱ्हवतला काय?" आई सकाळी माझ्या बाजूला आणि संध्याकाळी अक्काच्या बाजूला. बाळा परत मुंबईला गेला होता, पण व्हिडिओ कॉलवरून रोज एक नवं ओपिनियन घ्यायला सांगायचा. त्याच्या ऑफिसातल्या लिफ्टमनचंसुद्धा मत आमच्यापर्यंत आलं!

त्यात भेटायला येणारे. एक दिवस वरच्या वाडीतले एक काका आले. माझी बाजू भक्कम करायलाच देवाने धाडले असं मला वाटलं.

"काय भियाचा नाय!" काका म्हणाले. "माझ्या मेवण्यान ह्याच ऑपरेशन केल्यान. एकदम ठणठणीत!"

मी अक्काकडे विजयी नजरेने बघितलं. अक्काने विचारलं, "आता खंय असतत ते?"

"तो? तो गेलो."

काका घाईघाईने म्हणाले, "पण त्या दुखण्यान नाय गो! माडार्सून पडलो!"

आबांना एवढं हसू आलं की ठसका लागला. आई पाणी घेऊन धावली. काका मात्र जाताना दारातून परत वळले आणि मला समजावून सांगू लागले, "ऑपरेशनानंतर माडार चडी होतो म्हणजे बघ!"

*

कोणीतरी आईच्या डोक्यात भरवलं की या दुखण्यात मासे बंद. झालं! आमच्या घरात आठवडाभर डाळ आणि दुधीभोपळा. आबा ताटाकडे बघायचे आणि उठायचे. आधीच वजन उतरलेलं.

मी डॉक्टरांना विचारायला एका कागदावर नऊ प्रश्न लिहून काढले. गाठ पसरली असेल का, ऑपरेशन किती तासांचं, परत उद्भवलं तर काय, असे. फोन लागला. पलीकडे डॉक्टर घाईत, अलीकडे आई माझा शर्ट ओढतेय, "बांगडो विचार! आधी बांगडो विचार!"

विचारला. डॉक्टर म्हणाले, गिळवत असेल ते सगळं द्या, मासे तर जरूर द्या, अंगात ताकद हवी. मग आईने पेडवे विचारायला लावले. मग सौंदाळे. मग तिखट किती. डॉक्टरांना पुढचा पेशंट होता. फोन ठेवला तेव्हा माझे नऊच्या नऊ प्रश्न कागदावर तसेच.

त्या दुपारी बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट कालवण, झालं. काटे आईने एकेक काढून दिले. त्या पंधरा दिवसांत घराने एकमताने घेतलेला निर्णय तेवढा एकच!

*

अक्का दोन दिवसांसाठी आली ती राहिलीच. एकदा मी शाळेतून आलो तर पडवीत आबा आरामखुर्चीत, आणि अक्काने मोबाईल चक्क त्यांच्या पानाच्या डब्याआड उभा करून ठेवलेला. स्वतः शेजारी बसून लाडीगोडीने म्हणतेय, "आबा, आमच्या लग्नाच्या येळेक गाऱ्हाणा घातलास, ता कसा होता ओ? जरा म्हणान दाखवा मा."

आबांनी डबा बाजूला केला. मोबाईल आडवा झाला.

"अक्का, तू रेडिएशनाची मा? माझो आवाज ऱ्हवतलो म्हणतस मा?"

"व्हय."

"मगे साठवतस कित्याक?"

अक्का तिथेच ढसाढसा रडली. मला तिचा राग राग यायचा त्या दिवसांत. खरं सांगतो, त्या क्षणी तो कुठे गेला कळलंच नाही. आणि मलाही भीती वाटत होती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो. आबांनी दोघांकडे बघितलं आणि फक्त पान लावायला घेतलं. पान खायला बंदी होती. लावून झाल्यावर त्यांनी ते परत डब्यात ठेवलं.

*

शेवटचे चार दिवस उरले आणि तरी ठरेना. मग आई म्हणाली, "देवाक कौल लावया."

आमच्याकडे कौल लावतात तो असा. गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा. गुरव पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. प्रश्न ठरला, ऑपरेशन करायचं का?

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कोणाला न सांगता दाजी गुरवाकडे गेलो. नववीच्या मुलांना मी वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवतो, हे कृपा करून इथे मध्ये आणू नका! इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "दाजीनू, उद्या डावी पाकळी जरा घट्ट लावा."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काल तुझी भयण इल्ली. उजवी घट्ट लावा म्हणान सांगान गेली."

मला तोंड वर करवेना.

"आणि आज सकाळी तुझो बापूस येवन गेलो."

"आबा? आबांनी काय सांगितल्यानी?"

"ता तुका नाय सांगूचा," दाजी म्हणाले आणि विहिरीवर पाणी काढायला गेले.

सकाळी सगळे देवळात जमलो. वाडीतली वीस-पंचवीस माणसं होती. बाळा मोबाईलच्या पडद्यावर होता. आता प्रश्न आला, गाऱ्हाणं घालणार कोण? गावात दुसऱ्या कोणाला धड येत नव्हतं. आबाच उभे राहिले. आवाज फाटलेला, अर्धे शब्द नुसत्या हवेचे. माणसं ऐकायला पुढे सरकली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत, म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला असं म्हणायचंच असतं. इथल्या माणसाच्या तोंडातून ते आपोआप येतं.

"माझ्या गळ्यात दुखणा बसला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा काय करूचा ता ह्यांका कोणाक समाजना नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रश्न विचारून झाला. दाजींनी पाकळ्या लावल्या. आम्ही बघत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एरवी एवढ्यात निकाल लागतो. अक्का पदराचं टोक पिळत होती. मी खांबापासून दारापर्यंत आणि दारापासून खांबापर्यंत चालत होतो. मोबाईलमधून बाळा दर दोन मिनिटांनी विचारायचा, "पडली काय? खंयची पडली?" अर्धा तास झाला. मग पाऊण. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मी दाजींकडे बघितलं. दाजी छपराचे वासे बघत होते.

शेवटी वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "देव बोलना नाय आज."

आबा उठले. आधाराला आलेला माझा हात त्यांनी बाजूला केला. पाषाणासमोर जाऊन हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तू गप ऱ्हवलस ता बरा केलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इतके दीस सगळी बोलली. आता मी सांगतंय ता आयक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबा थांबले. श्वास घेतला. तो आत जाताना शिटीसारखा वाजला.

"सोमवारी मी ऑपरेशनाक जातंय, म्हाराजा!"

सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने अक्का.