तुळशीचं पान कुठे ठेवलं

“ट्रस्ट केला होता की नाही? हो किंवा नाही, एवढंच विचारा,” वकील मला म्हणाले आणि अख्खं कोर्ट माझ्याकडे बघू लागलं.

पन्नासच्या दशकात मी कुंभकोणमच्या कोर्टात दुभाषी होतो. काम इंग्रजीत चाले. साक्षीदाराचं बोलणं मी इंग्रजीत सांगायचं, आणि इंग्रजी प्रश्न त्याच्या भाषेत.

पिंजऱ्यात मरुदानल्लूरच्या सीताबाई होत्या, आमचीच तंजावरी मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या घराच्या दर्शनी दालनात विठ्ठलाची मूर्ती होती, रोज भजन होई. पुतण्या रामोजी ती जागा विकायला निघाला होता. काकूंनी ती मला दिली, असं तो म्हणे. काकू म्हणत, ती देवाची. विकली गेली असती तर भजन रस्त्यावर आलं असतं.

‘ट्रस्ट’ हा शब्द म्हणजे डोकेदुखी. त्याच्या मुळात टेकू, आधार. त्यावरून भरवसा, मग उधारी, मग दुसऱ्यासाठी सांभाळायला दिलेली मालमत्ता. मी ‘भरवसा’ म्हटलं असतं तर बाई भाबडेपणाने ‘हो’ म्हणाल्या असत्या, आणि कागदावर ‘ट्रस्ट केला’ असं लागलं असतं.

“साहेब, मी निवडेन तो शब्द माझीच साक्ष ठरेल,” मी जज्जसाहेबांना म्हणालो.

रामोजीचे वकील तडकले. “दुभाष्याला मत नसतं!”

“म्हणूनच सांगतो.”

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “त्यांनी केलं काय, ते विचारा.”

दान देताना आमच्यात घेणाऱ्याच्या हातावर तुळशीचं पान ठेवून पाणी सोडतात. मग ती वस्तू आपली उरत नाही.

“भजन सरलें,” बाई म्हणाल्या. “तुळस ठेविली, उदक सोडलें. जागा दिल्ही.”

“कोणाच्या हातावर?”

“रामाच्या.” बाईंनी रामोजीकडे बोट केलं.

हे उत्तर बाईंच्याच विरुद्ध जात होतं. पण सांगणं भाग होतं. सांगितलं. वकील हसले.

बाई पुतण्याकडे वळल्या. “रामा, तें पान तूं कोठें ठेविलेंस?”

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. जज्जसाहेबांनी अडवलं नाही. रामोजीची मान खाली गेली.

“विठ्ठलाच्या पायीं, काकू.”

तेही मी इंग्रजीत सांगितलं.

रामोजीने दान देवाच्या वतीने घेतलं, असा निकाल झाला. जागा देवाची, तो सांभाळणारा. बाहेर तो एकटाच पायरीवर उभा होता. बाई थांबल्या. “चल रे. दिवाबत्ती कोण करील?”

तेव्हापासून शब्द अडला की साक्षीदाराने केलं काय, हे विचारायची मी परवानगी मागायचो. वकील माझ्या निवृत्तीपर्यंत चिडत राहिले.