होडीतलं मुसळ

आमच्या ह्यांचा खांदा निखळला आणि होडी खाडीकाठी नुसती बांधलेली राहिली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं जाळं असायचं पलीकडच्या काठाला. "देऊन टाकू होडी," हे म्हणाले. रोडपालीचा एक जण रविवारी बघायला येणारही होता. आता होडी गेली की जाळं गेलं. मग काय करायचं, वीटभट्टीवर जायचं?

म्हटलं, मी वल्हवते.

सासूबाई म्हणाल्या, "पोरी, होडी हाय ती, पालना नाय."

खरंच की! वल्हं ओढलं की होडी जागेवर आणि मीच फळीवरून पुढे घसरायची. खाली गोधडी घातली. बुडाला मऊ, पण घसरणं तेच. मग घरातला पाट ठेवला. उंच झाले तर वल्ह्याची मूठ मांड्यांवर आपटायला लागली. निळ्या पडल्या मांड्या.

असं का होतं, ते विहिरीवर पाणी ओढताना कळलं बघा. कळशी जड झाली की माझा पाय आपोआप काठाच्या दगडाला टेकायचा. जोर हातात कुठे, तो पायातून येतो! ह्यांचे पाय लांब, होडीतल्या आडव्या लाकडाला टेकायचे. माझे अधांतरी. मग मोडकं मुसळ घेतलं, माझ्या पायाच्या मापाने जाळ्याच्या दोरीने होडीत आडवं बांधलं. पाय टेकले आणि घसरणं थांबलं.

आता मला चाळाच लागला. वल्हं आत ओढून बांधलं तर हाताला हलकं, पण होडी गोगलगाय. बाहेर सोडलं तर पळते, पण दंड भरून येतात. रोज थोडं आत, थोडं बाहेर. हे काठावरून ओरडायचे, "अगं, वल्हं हाय का सतार?"

रविवारी भरतीला निघाले. ओहोटी लागायच्या आत परतायला हवं, नाहीतर होडी चिखलात रुतून बसते. जाळं उचललं, मुसळावर पाय रोवले आणि आले. काठाला लागले तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं.

तो रोडपालीचा माणूस ह्यांच्याशेजारी उभाच. होडीत वाकून म्हणतो, "मुसल कशाला? भात कांडता काय हितं?"

"कांडते ती," हे म्हणाले. "तू जा घरी. होडी इकायची नाय."