मेच्या दुपारची शाल

अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी अंगावर शाल घेऊन बसणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या शेजारच्या इंदूताई. जेवणं उरकली की त्या आपल्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायच्या, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतायच्या आणि शाल गुंडाळून टीव्हीवर भुताचा पिक्चर लावायच्या. "थंडी वाजल्याबिगर भुताची मजा नाई व. घे, तू बी पांघर," म्हणत दुसरी शाल माझ्या अंगावर टाकायच्या.

आवड मात्र चोखंदळ. रक्ताने माखलेलं, दात विचकणारं भूत आलं की टीव्ही बंद. "हे भूत नाई, लोचट हाये. भुतानं कसं मर्यादेत राहावं." त्यांना लागायचं धुकं, मोठा दगडी बंगला, अंधारा जिना, मेणबत्ती घेतलेली एकटी बाई. आणि पडदा नुसता हलला पाहिजे. मी भीतीने पाय वर घेऊन बसलेली असायची, आणि या शांतपणे विचारायच्या, "एवढ्या मोठ्या घरात झाडझूड कोन करत असंन व?" मग मला हसू फुटायचं आणि त्या रागवायच्या, कारण त्यांचा प्रश्न खरा असायचा.

एका पिक्चरमध्ये काळ्या झग्यातली म्हातारी रोज संध्याकाळी व्हरांड्याच्या टोकाला दिसायची. घरात नवीन राहायला आलेले लोक भिऊन अर्धे झालेले. शेवटी कळतं, ती बिचारी आपली खोली शोधत असते. मी सुस्कारा टाकला, तर इंदूताई शालीने डोळे पुसत होत्या. "तिले काय भ्यायचं? खोली त तिचीच घेतली ना त्यायनं," म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेचा, प्रणिताचा, चौथ्या महिन्यात गर्भ पडला. पोरीचे हाल बघवत नव्हते. इंदूताई तिच्या उशाशी बसून असायच्या, पिक्चर केव्हाच बंद झाले होते. भेटायला आलेली प्रणिताची मामी चहा पिता पिता म्हणाली, "घरात रोज दुपारी भुतं बोलावता, मंग पोटातलं कसं टिकन?" झालं. एवढं एक वाक्य त्या घराला पुरलं. इंदूताईंचा मुलगा अविनाश कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मला वाटलं, हा मामीला गप्प करेल. त्याने आईच्या खोलीतला टीव्ही काढला आणि 'थोडे दिवस' म्हणून तिला अमरावतीला तिच्या धाकट्या बहिणीकडे सोडून आला.

थोडे दिवस कसले. पुढचा उन्हाळा आला तरी त्या तिथेच, म्हणून मी भेटायला गेले. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचा मुक्काम होता. बहीण जीव लावायची, पण घर तिचं. मी विचारलं, मोबाइलवर एखादा पिक्चर लावू का?

"नको व. यायच्या घरात लेकरं हायेत. उद्या कोनाले ताप आला त मी कुठं जाऊ?"

मग बहीण स्वयंपाकघरात गेलेली बघून हळूच म्हणाल्या, "माह्या खोलीत कोन झोपते आता?"

"कोनी नाई. जास्तीच्या गाद्या ठेवल्या तिथं. कुलूप रायते."

त्यांनी दिवाणावरची चादर सारखी केली. "मंग मले बी ठेवाचं होतं ना, गाद्यायसंग."

गेल्या हिवाळ्यात त्या तिथेच वारल्या. अविनाश सगळं अमरावतीतच उरकून आला, तेरवीसुद्धा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकी ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. हा उंबरठ्याशी बसून खिळे ठोकत होता. शेजारी मोहरीची वाटी. गेलेलं माणूस परत घरात येऊ नये म्हणून हे करतात, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"कोनासाठी रे हे?" मी विचारलं.

"काई नाई मावशी. प्रणिताले पुन्हा दिवस गेले. रिस्क कायले घ्या." त्याने वर पाहिलं नाही. "अमरावतीची मावशी सांगे, आई शेवटपर्यंत खोलीचंच विचारत होती म्हणे. तिचा जीव अडकला असंन इथं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती विचारत होती तेव्हा तिला आणायला गाडी निघाली नाही, आणि आता हातोडा मात्र लगेच सापडला.

म्हटलं, "अविनाश, तुही माय आली असती त चपला भाईर काढून आली असती रे. अन् तुह्या बायकोच्या उशाशी बसली असती."

त्याने उंबरठ्यावर मोहरी टाकली आणि दार लावून घेतलं.

यंदा मे लागल्यावर मी माझ्या घरी पडदे ओढले, कूलरमध्ये पाणी ओतलं आणि शाल घेऊन बसले. दुसरी शाल शेजारच्या खुर्चीवर ठेवली आहे. दुपारभर दाराची कडी मी काढूनच ठेवते. तिकडे नाही तर नाही, इंदूताईंनी इथे तरी यावं.