मांडवगणच्या मंडळीला वडील नाहीत

यशवंतमामा गेल्याचं मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. रांजणगावच्या आमच्या कंपनीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. उघडून पाहतो तर मामेभाऊ राजूचे नऊ मिस्ड कॉल. "पहाटंच गेले आप्पा. ये तू," एवढंच तो बोलला. मी मांडवगण फराट्याला पोचलो तेव्हा शवपेटी अंगणात तयार होती आणि सगळी माणसं दौंडच्या रस्त्याकडे बघत बसली होती. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाद्री, दौंडला राहतात, महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देतात. त्या दिवशी ते सोलापूरला दुसऱ्या एका मातीला गेले होते. "मी येईपर्यंत थांबा," असा त्यांचा निरोप होता. चार वाजले, पाच वाजले... शेवटी राजू उठला. "माझ्या बापानं अख्ख्या मंडळीतल्या माणसांना माती दिली. त्याला द्यायला एकजण न्हाई?" त्यानं विचारलं. सगळे पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. मीही.

खरं तर पाळक नसतील तर मंडळीच्या वडिलांनी प्रार्थना चालवायची, अशी रीत आहे. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेली आणि पाळकांनी डोक्यावर हात ठेवून नेमलेली जाणती माणसं. आमच्याकडे ती कधी नेमलीच गेली नाहीत. मामा निवृत्त शिक्षक. आजाऱ्यापाशी बसणं, भावाभावांतलं भांडण मिटवणं, पाळकांना उशीर झाला तर कबरीपाशी उभं राहून प्रार्थना म्हणणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं बिननेमणुकीचं केलं.

नेमणुकीची वेळ आली नव्हती असं नाही. राजूनं हिंदू मुलीशी लग्न केलं आणि बापाशी वाजल्यावर उपासनेला येणं सोडलं, त्याच वर्षी पाळकसाहेबांनी भरसभेत मामांचं नाव घेतलं. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "माझा पोरगाच मंडळीत येत न्हाई. मी दुसऱ्याला काय सांगू? मला नेमू नका." सभा तिथंच संपली. मी घरी जाऊन त्यांच्याशी भांडलो. "मग हे सगळं करता कशाला?"

"कुणीतरी केलं पायजे ना."

"तेच नेमून घेऊन करा की!"

"नेमल्यावर लोक माझ्याकडं बघून शिकणार, सुधीर. काय शिकतील ते सांग."

माझा राग गेला नाही. अजून गेलेला नाही. एवढा शहाणा माणूस स्वतःला एका मुलाच्या मापानं मोजत बसला आणि त्यापायी मंडळी तशीच राहिली. मार्थाबाई घरोघरी जाऊन प्रार्थना घेतात, त्यांना निम्मं बायबल पाठ आहे. पण बाईमाणूस, म्हणून त्यांचा विषयच निघत नाही. तरण्या पोरांना कंपनीच्या शिफ्टा. दरवर्षी सभेत "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं आणि चहा प्यायचा.

पाळकसाहेब दिवस बुडताना आले. घाईघाईत प्रार्थना झाली. मार्थाबाई माझ्या शेजारी पुटपुटल्या, "गुरुजींनी कधी कुणाला एवढं ताटकळत न्हाई ठिवलं." तीन आठवड्यांनी पुन्हा सभा भरली. वडील म्हणून मी मार्थाबाईंचं नाव सुचवलं. "ते आपल्या नियमात बसत नाही," पाळकसाहेब म्हणाले, आणि मग थेट माझ्याकडे वळले. "सुधीर, तुम्ही का नाही?"

"माझी शिफ्ट असते," मी म्हणालो.

मी दोन वर्षांपासून दिवसाच्या जनरल शिफ्टला आहे. रविवारी सुट्टी असते. खरं कारण इतकंच, की लोकांची दुखणी आणि भांडणं माझ्या दारात यायला मला नको आहेत. मामांनी निदान आपलं कारण उभं राहून सांगितलं होतं.

उपासनेच्या खोलीत दाराजवळचा शेवटचा बाक मामांचा. उशिरा येणाऱ्याला गीतांचं पुस्तक उघडून हातात द्यायचं आणि सरकून जागा करायची, म्हणून ते तिथं बसत. गेल्या रविवारी एक म्हातारी नातीला घेऊन उशिरा आली. कुठलं गीत चाललंय ते तिला कळेना. दोघी दारातच उभ्या राहिल्या. बाक रिकामा होता, पुस्तकं खिडकीत होती. मी पुढच्या ओळीतून वळून पाहिलं... आणि पुन्हा गाऊ लागलो.